कार्लोमानला पाडलेलं भोक

माझी आत्या फ्रँक राजांची चांदीची नाणी जमवायला लागली ती निव्वळ खुन्नस म्हणून. खुन्नस आतोबांवर, म्हणजे तिच्या नवऱ्यावर. आणि ती खरी पेटली तेव्हा ते तिचे नवरे राहिलेलेही नव्हते.

आत्या कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्यांचे साचे यायचे, त्यावर ती मेण चढवायची, दात बसवायची, घासायची, चमकवायची. तिच्या कामाच्या खोलीत भिंतभर फळ्या होत्या आणि फळ्यांवर प्लास्टरचे जबडे, सगळे आ वासून बसलेले. खोलीला कायम जळक्या मेणाचा वास. लहानपणी मी तिथं गेले की ती एखादा जबडा उचलून दाखवायची, "हा बघ, हा माणूस दिवसभर बायकोवर दात खात असणार. झिजलेत बघ कसे."

आतोबांचं औषधांचं दुकान होतं. माणूस टापटीप. कपड्याला सुरकुती नाही, बोलण्यात चूक नाही, आणि समोरच्याची चूक दाखवल्याशिवाय जेवण पचायचं नाही. त्यांना नाद होता तो जुन्या फ्रँक राजांच्या नाण्यांचा. बाराशे-साडेबाराशे वर्षांपूर्वी युरोपच्या मोठ्या भागावर राज्य करणारे हे राजे. पेपिन, त्याचा मुलगा शार्लमेन, मग त्याची मुलं-नातवंडं. त्यांच्या काळात चांदीचं एक पातळ, अंगठ्याच्या नखाएवढं नाणं पाडलं जायचं. त्याला देनिए म्हणतात. घरात एका कपाटाला हिरव्या कापडाचं अस्तर लावलेले कप्पे होते, त्यात ही नाणी झोपलेली असायची. पाहुणे आले की आतोबा एकेक कप्पा ओढून व्याख्यान द्यायचे आणि आत्या चहा द्यायची.

एकदा अशाच बैठकीत तिनं एक नाणं सहज बोटांत उचललं.

"ठेवा ते खाली!" आतोबा सगळ्यांदेखत ओरडले. रागावले की ते तिला अहो-जाहो करायचे. "प्लास्टरचे हात घेऊन कुठं नाण्यांना लागता? ते काय कुणाच्या तोंडात बसवायचंय?"

पाहुणे हसले. आत्यानं नाणं खाली ठेवलं आणि कप गोळा केले. जी बाई दिवसभर केसाएवढ्या फटी बुजवायची, तिला तिच्याच घरात चांदीच्या टिकलीला हात लावायची चोरी. लग्न मोडलं ते काही त्या एका वाक्यामुळे नाही. आतोबा रुसले की महिना-महिना तोंड उघडायचे नाहीत, आणि उघडलं की बरं होतं न उघडलेलं असं वाटायचं. पण आत्याला विचारलं तर ती तेच वाक्य सांगायची.

काडीमोड ठरला तेव्हा घर भाड्याचं होतं, दुकान त्यांच्या भावाच्या नावावर. वाटून घ्यायला होती ती फक्त नाणी, कारण ती दोघांच्या कमाईतून आली होती. वकिलानं तोड काढली: सगळी नाणी टेबलावर मांडायची आणि दोघांनी आळीपाळीनं एकेक उचलायचं.

माझे बाबा, म्हणजे आत्याचा भाऊ, तिच्या बाजूनं तिथं बसले होते. त्यांनी नंतर तो प्रसंग घरी इतक्यांदा सांगितला की मला तो पाहिल्यासारखाच वाटतो. आतोबा निवांत होते. बायकोला नाण्यातलं ओ की ठो कळत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तिनं पहिलंच बोट एका मोठ्या चकचकीत नाण्यावर ठेवलं. आतोबांचा चेहरा शांत. तिनं बोट काढलं आणि शेजारच्या काळपट, कडा खाल्लेल्या नाण्यावर नेलं. आतोबांच्या कानाखाली जबड्याचा स्नायू टचकन उडाला.

"हे," आत्या म्हणाली.

मग ती तशीच खेळत गेली. नाण्यांकडं पाहिलंच नाही. बोट टेबलावरून फिरवायचं आणि डोळे त्यांच्या जबड्यावर. जिथं दात आवळले जातील तिथं थांबायचं. अर्ध्या वाटणीपर्यंत आतोबांच्या ध्यानात आलं, आणि त्यांनी रुमाल काढून तोंडावर धरला.

"वकीलसाहेब, ही फसवणूक आहे," ते रुमालातून म्हणाले.

"कसली फसवणूक?" आत्या म्हणाली. "तुझं तोंड तू सांभाळ."

लग्नात ते 'अहो' होते. त्या दिवशी वकिलाच्या खोलीत 'तू' झाले आणि पुढं आमच्या घरात 'तो माणूस'. आम्हालाही 'आतोबा' म्हणायला बंदी झाली. बाबा चुकून म्हणायचे आणि शिव्या खायचे.

नाणी विकून मोकळं व्हायचं असं आत्याच्या मनात होतं. ती बाजारातल्या एका जुन्या नाणेवाल्याकडं गेली. अरुंद दुकान, भिंग डोळ्याला चिकटल्यासारखा म्हातारा दुकानदार. त्यानं नाणी पाहिली आणि म्हणाला, "बाई, उत्तम माल आहे. आणि खरं सांगू का, तुमचे यजमान कालच येऊन गेले. तुम्ही विकायला आणाल, मी घ्यावीत, आणि त्यांना द्यावीत, असं बोलून गेलेत."

आत्यानं नाणी परत रुमालात बांधली.

"ही कुणाची आहेत ते मला शिकवाल?" तिनं विचारलं.

तिथून ते सुरू झालं. काम संपलं की ती दुकानदाराकडं जाऊन बसायची. अक्षरं कशी वाचायची, कोणत्या राजाचं चिन्ह कोणतं, कोणतं नाणं कोणत्या टाकसाळीचं. सुरुवातीला सगळं चुकायचं. पेपिनला शार्लमेन म्हणायची, शार्लमेनला त्याचा मुलगा. दुकानदार कपाळाला हात लावायचा. पण ती चिकट होती, आणि मुख्य म्हणजे तिला एक गोष्ट नेहमी ठाऊक असायची: त्या माणसाकडं काय नाही. कारण वर्षानुवर्षं चहा देताना तिनं त्याची रडगाणी ऐकली होती. लिलावात ती नेमकं तेच नाणं उचलायची. कधी परवडायचं, बहुतेकदा नाही. परवडलं नाही तर निदान बोली चढवून त्याचा घाम काढायची.

गावातल्या संग्राहकांचं एक मंडळ होतं. एका शिवणयंत्रांच्या दुकानावरची लांबट खोली, घडीच्या खुर्च्या, खिडकीशी चहाचा थर्मास. आत्या पहिल्यांदा तिथं गेली तेव्हा तो माणूस पुढच्या रांगेत बसला होता. तो उठला आणि सचिवांना मोठ्यानं म्हणाला, "कवळी आली. आता सभासदांनी आपापले दात सांभाळावेत."

सगळे खो-खो हसले. तिला तेच नाव पडलं. कवळी. तोंडावरसुद्धा म्हणायचे. आत्या वर्गणी भरून पाठीमागं बसली आणि दर महिन्याला येऊन पाठीमागं बसत राहिली. तो काही बोलला की ती खोकायची. ती काही विचारायला उभी राहिली की तो घड्याळ पाहायचा. सचिव बिचारे गोड बोलून बोलून कंटाळले. "तुम्ही दोघं एकमेकांकडं न बघता बसाल का?" ते म्हणायचे. ते काही जमलं नाही.

त्या माणसाच्या संग्रहात एक भोक होतं, आणि ते त्याला गळवासारखं ठणकायचं. पेपिन मेला तेव्हा राज्य त्याच्या दोन मुलांत वाटलं गेलं. एक शार्लमेन, दुसरा कार्लोमान. भावाभावांचं पटत नव्हतं. तीनेक वर्षांतच कार्लोमान मेला आणि सगळं राज्य शार्लमेननं गिळलं. त्यामुळं कार्लोमानची नाणी फारच थोडी, हाती लागणं म्हणजे दुर्मीळ योग. लग्न होतं तेव्हा तो झोपेतही कार्लोमान म्हणायचा असं आत्या सांगायची.

ते नाणं एका लिलावात आलं. कुणा मेलेल्या जमीनदाराच्या पेटीतलं, यादीत चुकून दुसऱ्याच राजाच्या नावावर लागलेलं. त्या माणसानं ते ओळखलं होतं. आत्यानं ओळखलं नव्हतं, हे ती स्वतः कबूल करायची. तिनं फक्त पाहिलं की तो माणूस सकाळपासून त्या पेटीकडं एकदाही बघत नाहीये. सगळ्या टेबलांवरून फिरला, त्या पेटीपाशी मान वळवून पुढं गेला.

"इतकं न बघणं म्हणजे काहीतरी आहे," ती मला म्हणाली. मी त्या दिवशी तिच्यासोबत होते.

बोली लागली. तो वाढवत गेला, ती वाढवत गेली. बाकीचे गप्प बसून बघत होते, नवरा-बायकोचं भांडण बघावं तसं. शेवटी त्याचा हात वर गेला नाही. आत्यानं आपली शिलकीतली पुंजी आणि नवं यंत्र घ्यायला बाजूला ठेवलेलं सगळं त्यात घातलं होतं. नाणं हातात आल्यावर आम्ही तडक दुकानदाराकडं गेलो. त्यानं भिंग लावलं आणि नाणं दोनदा उलटून पाहिलं.

"बाई," तो हळूच म्हणाला, "हा कार्लोमान आहे."

दुसऱ्या दिवशी त्या माणसाचा फोन आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"माझ्याकडचं काहीही घे. दोन घे, चार घे. ते मला दे."

"नाही."

"तुला त्याचं काय करायचंय? तुला त्यातलं काही कळतं का?"

"नाही कळत."

"मग ऐक. असली वस्तू तुझ्यासारखीच्या घरात असणं हा त्या वस्तूचा अपमान आहे. तुझी लायकी प्लास्टरची. प्लास्टरशीच खेळ."

आत्यानं फोन ठेवला. मग ती कामाच्या खोलीत गेली, नाणं मेणाच्या तुकड्यावर दाबून बसवलं, कवळ्यांना भोक पाडायचं सगळ्यांत बारीक टोक यंत्राला लावलं, आणि कार्लोमानच्या कडेला, अक्षरांच्या वर, आरपार भोक पाडलं.

मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं. मला कळलं ते सगळ्यांबरोबर. मंडळाचं वार्षिक व्याख्यान होतं आणि वक्ता तोच. विषय: दोन भावांचं वाटलं गेलेलं राज्य. पाहुणे आलेले, खोली गच्च. आत्या त्या दिवशी कधी नव्हे ते पहिल्या रांगेत बसली. काळा साधा पोशाख, आणि गळ्यात बारीक साखळी. साखळीला काहीतरी चमकत होतं.

तो बोलत होता. बोलायचा मात्र छान, हे मान्य करायला हवं. पेपिनचा मृत्यू सांगितला, वाटणी सांगितली. "आणि धाकटा भाऊ..." असं म्हणून त्याची नजर खाली आली आणि आत्याच्या गळ्याशी अडकली.

तो थांबला. लोकांना वाटलं, ओळ विसरला. सचिव पाण्याचा पेला घेऊन उठले. तो पायरी उतरून सरळ आत्यासमोर आला, वाकला आणि साखळीतल्या नाण्याकडं बघत राहिला.

"भोक पाडलंस?" त्याचा आवाज इतका बारीक होता की मागच्यांना ऐकूच गेला नसेल.

"टांगायचं तर भोक लागतंच," आत्या म्हणाली.

मग आरडाओरडा झाला. कुणी तिला 'नीच बाई' म्हणालं, कुणी खुर्ची लोटली. दुकानदार म्हातारा मागच्या बाजूला उभा होता. तो जवळ आला, त्यानं नाणं बघितलं, आत्याकडं बघितलं, आणि निघून गेला. त्या म्हाताऱ्याचं ते जाणं तिला सगळ्यांच्या शिव्यांपेक्षा लागलं असावं, कारण तोवर ताठ बसलेली आत्या तेव्हा पहिल्यांदा खाली बघू लागली.

मंडळानं तिला काढून टाकलं. लिलाववाले तिला दारातून आत घेईनात. रस्त्यात ओळखीचे संग्राहक तोंड फिरवून जायचे. बाबासुद्धा चिडले. "नवऱ्यावरचा राग त्या मुक्या चांदीवर का काढलास?" ते म्हणाले.

"माझं नाणं होतं," आत्या म्हणाली.

"तुझं एकटीचं? बाराशे वर्षं कुणी कुणी सांभाळलं ते? तुझ्यासाठी?"

आत्या उठून कामाच्या खोलीत गेली. पण काही दिवसांनी मी एकटी असताना तिनं गळ्यातली साखळी काढून नाणं माझ्या हातावर ठेवलं आणि भिंग दिलं. भोकापासून पहिल्या अक्षरापर्यंत केसासारखी एक चीर गेली होती. "जुनी चांदी आतून ठिसूळ झालेली असते," ती म्हणाली. "मला ठाऊक नव्हतं. भोक पडताना आवाज आला, बारीकसा. दात तुटताना येतो तसा." ती पुढं म्हणाली, "त्याला दुखवायचं होतं. ह्याला नाही." त्यानंतर तिनं ते नाणं गळ्यात घातलेलं मी पाहिलं नाही.

इथवर सरळ होतं. गुंता पुढं झाला. त्या माणसानं गावभर सांगायला सुरुवात केली की नाणं खोटंच होतं. लिलावात तो हेतुपुरस्सर थांबला, कारण त्यानं बनावट ओळखली होती. कवळीनं चांदीचा मुलामा दिलेल्या पितळेच्या तुकड्याला भोक पाडलं आणि मूर्ख जगाला फसवलं, असं तो हसून सांगायचा. लोकांनाही ते पटलं, कारण पटवून घ्यायला सोपं होतं. खोटं असेल तर कुणाचंच काही गेलं नाही.

एका दुपारी सचिव आत्याच्या कामाच्या खोलीत आले. जबड्यांच्या फळ्यांखाली अंग चोरून बसले.

"बाई, प्रकरण मिटवायचं आहे. नाणं खोटं होतं एवढं तुम्ही सभेत म्हणा. बस्स. थट्टा होती म्हणा. तुमचं सभासदत्व परत, लिलाववाल्यांशी मी बोलतो. सगळ्यांनाच बरं वाटेल."

"त्यालाही?"

"त्यांनाही. खरं म्हणजे त्यांनीच सुचवलं."

आत्यानं हातातली कवळी खाली ठेवली. "नाणं खरं आहे," ती म्हणाली. "खऱ्या कार्लोमानला मी भोक पाडलं. माझ्या हातानं. असं लिहून घ्या आणि मला परत घ्यायचं असेल तर तसं घ्या."

"अहो, पण यात तुमचंच नुकसान..."

"तुमचा चहा घेऊन झाला का?" आत्या म्हणाली. तिनं त्यांना चहा दिलेलाच नव्हता.

मग ती हट्टाला पेटली. स्वतःला निर्दोष ठरवायला लोक जेवढी धावपळ करतात तेवढी तिनं स्वतःचा गुन्हा सिद्ध करायला केली. शहराच्या संग्रहालयात जुन्या धातूंचं काम बघणाऱ्या एक बाई होत्या. आत्या नाणं घेऊन त्यांच्या दारात ठाण मांडून बसली. बाईंनी आधी टाळलं, मग कंटाळून तपासलं. वजन, चांदी, अक्षरं, सगळं. नाणं अस्सल निघालं. बाईंनी तसा अभिप्राय दिला, आणि आत्यानं नाणं तिथंच संग्रहालयाला देऊन टाकलं.

बातमी फुटली त्या आठवड्यात तो माणूस आत्याच्या खोलीत आला. मी तिथंच होते. दारात उभा राहिला, आत ये म्हणून कुणी म्हणालं नाही.

"तुला वाचवायला मी खोटं बोललो," तो म्हणाला. त्याची दाढी वाढली होती, शर्टाची कॉलर मळकी. "लोक विसरले असते. तू पुन्हा येऊ शकली असतीस."

"मला?" आत्या म्हणाली. "तुला रात्री झोप लागावी म्हणून तू खोटं बोललास. खरं नाणं हातातून गेलं आणि वर त्याला भोक पडलं, हे तुला सोसवत नव्हतं."

"ते तू केलंस! तू!"

"हो. मी. हेच तर इतके दिवस सांगतेय."

तो जायला वळला आणि परत फिरला. "तुझ्यासारखी दुष्ट बाई मी पाहिली नाही," शेवटी म्हणाला.

"आरशात बघ, जोडीदार सापडेल," आत्या म्हणाली आणि यंत्र चालू केलं. त्या आवाजात तो पुढं काय बोलला ते ऐकू आलं नाही. त्याचे ओठ हलत होते तेवढं दिसलं. मग तो गेला.

मी आत्याला म्हटलं, "आता तरी सोड ना. तो म्हातारा झालाय."

"मीही झालेय," ती म्हणाली. "त्यानं सोडलं का?"

त्यानं सोडलं नाही हे खरं. नाणं संग्रहालयाला दिलं म्हणून मंडळानं तिला परत घ्यायचं ठरवलं, तर यानं विरोधात मत दिलं. ती परत गेलीच. पहिल्याच बैठकीत नाणेवाला म्हातारा तिच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसला.

हल्ली आत्याचं मुख्य भांडण संग्रहालयाशी चालू आहे. कार्लोमान तिथं काचेच्या पेटीत आहे आणि खाली पट्टी आहे: 'कार्लोमान, चांदी, कडेला छिद्र, कारण अज्ञात.'

"अज्ञात कसं?" ती त्या बाईंना जाऊन विचारते. "मी पाडलं. मी समोर उभी आहे. कारण विचारा, सांगते."

"पट्टीवर एवढी जागा नसते हो," बाई म्हणतात.

मग ती पेटीपाशी उभी राहते. कुणी शाळेची सहल आली, कुणी नवरा-बायको आले आणि पट्टी वाचून 'अज्ञात' म्हणाले, की ती घसा खाकरते आणि म्हणते, "अहो, इकडं बघा. मी सांगते." आणि पहिल्यापासून सांगायला लागते. पहारेकऱ्यानं दोनदा तिला बाहेर काढलंय. तिसऱ्यांदा त्यानं बसायला स्टूल आणून दिलं.